संधिवातावरील शोथहर औषधे : 'निर्धोक' या विशेषणाचा इतिहास

१

संधिवाताच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या शोथहर औषधांचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विलो वृक्षाची साल, सॅलिसिलिक आम्ल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी एक मालिका मांडावयाची आणि तिच्या प्रत्येक पायरीवर माणसाचे दुःख किती हलके झाले हे दाखवावयाचे, अशी त्या कथनाची रूढ रीत आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. याच मालिकेला समांतर असा दुसरा एक इतिहास आहे व तो एका विशेषणाचा आहे. मालिकेतील बहुतेक नवी औषधे 'आधीच्यापेक्षा निर्धोक' हे बिरुद घेऊन आली. आणि काही वर्षांनी, क्वचित काही दशकांनी, ते बिरुद उतरवून ठेवणे भाग पडले. असे एकदाच घडले असते तर तो अपघात मानता आला असता. तेच पुनःपुन्हा घडले, त्या अर्थी मुळात ते विशेषण चुकीच्या नामास जोडले जात होते काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त होते. सांधे दुखतात म्हणून रोज गोळी घेणाऱ्या असंख्य माणसांचे हिताहित या प्रश्नात गुंतलेले असल्यामुळे तो केवळ शब्दविचाराचा प्रश्न नव्हे.

२

औषधांकडे वळण्यापूर्वी रोगाच्या नावांचा थोडा विचार अवश्य आहे. मराठीत सांधे धरले, गुडघे दुखू लागले, बोटे सुजली की त्या सर्वांस 'वात' म्हणण्याचा प्रघात आहे. युरोपीय भाषांतील 'रूमॅटिझम' हा शब्दही असाच ऐसपैस आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'प्रवाह' असा असून, शरीरातील दूषित द्रव वाहत जाऊन सांध्यांत उतरतो अशी त्यामागील समजूत होती. दोन्हीकडे एकाच नावाखाली निरनिराळे रोग नांदत होते. त्यांस वेगळे करण्याचे प्रयत्न मात्र जुने आहेत. 'माधवनिदान' या ग्रंथात आमवातास स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. फ्रान्समध्ये लांद्रे-बोव्हे यांनी १८०० साली सांध्यांच्या एका रोगाचे वर्णन नेहमीच्या 'गाउट'हून निराळे म्हणून केले. आणि १८५९ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी त्या रोगास 'रूमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिले. शास्त्रीय मराठीतील 'संधिवाताभ संधिशोथ' हा शब्द त्याच नावाचा प्रतिशब्द होय. त्यातील 'आभ' हे पद 'सारखा दिसणारा, पण तो नव्हे' एवढी सावधगिरी बाळगते.

ही सावधगिरी उपचारात फार महत्त्वाची ठरते. संधिवाताभ संधिशोथात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते व शोथ हाच रोगाचा गाभा असतो. उतारवयातील गुडघ्यांच्या दुखण्यात झीज प्रमुख असून शोथ बहुधा कमी असतो. गाउटमध्ये यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात. तिन्हींची वेदना शोथहर गोळीने कमी होते, म्हणून तिन्हींस एकच रोग मानण्याचा मोह होतो. परंतु ॲस्पिरिनच्या अल्प मात्रेने मूत्रपिंडातून होणारे यूरिक आम्लाचे उत्सर्जन घटते, म्हणजे गाउटच्या रोग्यास ती प्रतिकूल ठरू शकते. उलटपक्षी, संधिवाताभ संधिशोथात केवळ शोथहर गोळीवर विसंबून राहिल्यास वेदना शमते, पण सांध्याचा नाश चालूच राहतो. तो रोखण्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी वेगळ्या वर्गाची औषधे लागतात. अशा रीतीने नावातील संदिग्धता औषधाच्या पुडीपर्यंत पोहोचते.

३

शोथहर औषधांच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ प्रायः एका पत्राने केला जातो. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील चिपिंग नॉर्टन या गावी राहणारे धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी १७६३ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस विलोच्या सालीसंबंधी पत्र लिहिले. विलो म्हणजे आपल्याकडील ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या कुळातील वृक्ष. त्याची साल सिंकोनाप्रमाणे कडू लागते, हे स्टोन यांच्या ध्यानी आले. शिवाय हिवताप दलदलीच्या जागी अधिक व विलोही तेथेच वाढणारा. तेव्हा रोगाशेजारीच ईश्वराने औषध ठेवले असावे, असे त्यांचे अनुमान होते. सुकवून कुटलेल्या सालीची पूड त्यांनी सुमारे पन्नास रोग्यांस दिली. या पत्रातील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. स्टोन यांनी आरंभ सुमारे वीस ग्रेनच्या, म्हणजे साधारणतः सव्वा ग्रॅमच्या मात्रेने केला. दर चार तासांनी ती देऊन परिणामावर नजर ठेवली. आणि अपाय दिसेना तेव्हाच ती वाढविली. ज्यास पुढे शोथहर औषध म्हणावयाचे त्याची पहिली नोंद अशी मात्रेच्या विवेकाची नोंद आहे.

पुढील शतकात रसायनशास्त्राने सालीतील कार्यकारी द्रव्य वेगळे केले. म्यूनिकमध्ये बुखनर यांनी १८२८ साली सॅलिसिन मिळविले. पुढील वर्षी लरू यांनी ते स्फटिकरूपात आणले. १८३८ साली पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार केले. हेर्मान कोल्बे यांनी ते आम्ल कृत्रिम रीतीने बनविण्याची युक्ती शोधली व १८७४ पासून ड्रेस्डेनजवळ त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले. झाडावर अवलंबून असलेली वस्तू आता हवी तेवढी व स्वस्त मिळू लागली. १८७६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील टॉमस मॅक्लॅगन यांनी तीव्र संधिज्वरात सॅलिसिन दिल्याचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. रोग्यास देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये श्ट्रिकर यांनी सॅलिसिलिक आम्लाचे, आणि पुढील वर्षी पॅरिसमध्ये झेर्मँ से यांनी सॅलिसिलेटांचे अनुभव मांडले. सुजलेले सांधे काही दिवसांत हलके होत.

परंतु मात्रा मोठ्या होत्या. मळमळ, पोटात जळजळ, घाम आणि कानांत सतत होणारा गुणगुणाट यांनी रोगी हैराण होत. पुढे कित्येक वर्षे वैद्यांनी या शेवटच्या लक्षणाचाच मोजपट्टीसारखा उपयोग केला. कान वाजू लागेपर्यंत मात्रा वाढवावयाची, मग किंचित उतरवावयाची, अशी ती पद्धत होती. विषबाधेचा उंबरठा हीच तेथे औषधाची खूण मानली गेली. औषध व विष यांमधील अंतर किती थोडे आहे याची ही प्रामाणिक, परंतु क्रूर कबुली होती.

बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ साली तयार झालेल्या ॲसिटिल-सॅलिसिलिक आम्लाची पार्श्वभूमी ही होती. त्याच्या जनकत्वाविषयी वाद आहे. फेलिक्स होफमान यांनी वडिलांच्या संधिवातासाठी हा शोध लावला ही कथा बरीच नंतर छापली गेली. तेथीलच दुसरे रसायनज्ञ आर्थुर आयशेनग्र्यून यांनी १९४९ साली हे काम आपल्या सूचनेवरून झाल्याचे सांगितले व अलीकडील काही संशोधकांस त्यांचा दावा ग्राह्य वाटला. १८९९ साली नोंदविलेल्या 'ॲस्पिरिन' या नावातील 'अ' हे अक्षर 'ॲसिटिल'चे आणि 'स्पिर' हा अंश ज्या स्पायरिया कुळातील वनस्पतीपासून हेच आम्ल मिळविले गेले होते तिचा. महत्त्वाची गोष्ट अशी की, 'सॅलिसिलिक' या नावाशी लोकांच्या मनात जडलेला पोटाचा जाच नव्या नावात उरला नाही. हे द्रव्य जठरातून न बदलता पुढे जाते, म्हणून जठरास बाधत नाही, असे सांगितले गेले व ते बराच काळ खरे मानले गेले. १९३८ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डाउथवेट व लिंटॉट यांनी जठरात नळी सोडून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा ॲस्पिरिनच्या संपर्काने जठराचे अस्तर लाल होऊन सुजते व त्यातून रक्त येते असे दिसले. बिरुद मिळाल्यापासून ते तपासले जाईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली होती.

४

आज या औषधांच्या वर्गास 'स्टेरॉइडेतर शोथहर औषधे' असे म्हणतात. 'इतर' या पदाने, म्हणजे नकाराने, झालेले हे नामकरण चमत्कारिक आहे. औषध काय आहे हे न सांगता ते काय नाही एवढेच हे नाव सांगते. अशी नावे बहुधा एखाद्या भीतीच्या पोटी जन्मतात. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताभ संधिशोथाने जखडलेल्या एका रुग्णेस कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांस विभागून मिळाले. परंतु दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यावर सुजून गोल झालेला चेहरा, ठिसूळ हाडे, वाढता रक्तदाब व मधुमेह, घटलेली प्रतिकारशक्ती ही किंमतही दिसू लागली. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी धास्ती पसरली. १९६० च्या सुमारास व त्यानंतर 'स्टेरॉइड नसलेले' हे शब्द शिफारसपत्रासारखे वापरले गेले ते यामुळे. एका औषधाविषयीची भीती दुसऱ्या वर्गाच्या नावात आश्वासन होऊन बसली. स्टेरॉइड नाही म्हणून अपायकारकही नाही, असा अर्थ त्या नावात कोठेही नाही. पण ऐकणाऱ्यास तो ऐकू येतो.

या वर्गातील पहिल्यांपैकी फिनिलब्युटाझोन हे १९४९ साली आले. दुसऱ्या एका वेदनाशामकास विरघळविण्यासाठी ते प्रथम वापरले गेले होते. तेच गुणकारी आहे हे मागाहून कळले. रक्तपेशी निर्माण करणारी अस्थिमज्जा ते क्वचित पण प्राणघातक रीतीने निकामी करते, हे उघड झाल्यावर ब्रिटनमध्ये १९८४ साली त्याचा वापर पाठीच्या कण्याच्या एका विशिष्ट संधिशोथापुरता व रुग्णालयांपुरता मर्यादित केला गेला.

आयबुप्रोफेनची हकीकत अधिक बोधप्रद आहे. नॉटिंगहॅम येथील बूट्स कंपनीत स्ट्यूअर्ट ॲडम्स हे संधिवाताभ संधिशोथासाठी ॲस्पिरिनपेक्षा सोसवणारे औषध शोधीत होते. त्यांचे आधीचे औषध आयब्युफेनॅक यकृतास बाधक ठरल्यामुळे मागे घ्यावे लागले. १९६९ साली आलेले आयबुप्रोफेन मात्र टिकले. इतके की, १९८३ साली ब्रिटनमध्ये ते चिठ्ठीविना मिळू लागले. जठरातील रक्तस्राव व छिद्र यांविषयीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण १९९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही आयबुप्रोफेनचा धोका सर्वांत कमी आढळला. येथपर्यंत 'निर्धोक' हे विशेषण खरे ठरल्यासारखे वाटते. परंतु त्याच परीक्षणाने पुढचे वाक्यही सांगितले : हा लाभ मुख्यतः आयबुप्रोफेन लहान मात्रेत वापरले जाते म्हणून आहे, मोठ्या मात्रेत त्याचा धोका नॅप्रॉक्सेन, इंडोमेथासिन यांच्यासारखाच होतो. म्हणजे जो गुण द्रव्याचा समजला जात होता तो बव्हंशी मात्रेचा होता.

बेनॉक्साप्रोफेनने याच सत्याची दुसरी बाजू दाखविली. 'ओप्रेन' या नावाने ते १९८० साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मागे घेतले गेले. तेवढ्या अवधीत साठांहून अधिक मृत्यूंचा त्याच्याशी संबंध जोडला गेला. वृद्धांच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडते. तरुणास योग्य असलेली रोजची मात्रा वृद्धाच्या शरीरात साचत गेली. आणि संधिवाताचे औषध घेणारे बहुसंख्य लोक वृद्धच असतात.

५

ही औषधे पोटास का बाधतात व वेदना का शमवितात, या दोन प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ वेगवेगळी शोधली जात होती. उत्तर एकच आहे हे १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखविले. शरीरात 'प्रोस्टाग्लँडिन' नावाची द्रव्ये तयार होतात. हे नाव १९३५ साली स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी ती प्रोस्टेट ग्रंथीतून येतात अशा समजुतीने दिले. वस्तुतः ती जवळजवळ सर्व ऊतकांत निर्माण होतात. ॲस्पिरिन व तत्सम औषधे त्यांची निर्मिती अडवितात. प्रोस्टाग्लँडिने सांध्यात सूज व वेदना वाढवितात, म्हणून त्यांस अडविले की आराम पडतो. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरातील पाणी किंवा रक्तप्रवाह कमी पडल्यास मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. त्यांस अडविले की तेथील पहारा उठतो. व्हेन, बेर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांस १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचा तात्त्विक अर्थ मोठा आहे. अपाय हा गुणाला चिकटलेला मळ नसून गुणाचीच दुसरी बाजू आहे, असे त्यावरून ठरते. 'दुष्परिणाम' हा शब्द या दृष्टीने फसवा आहे. परिणाम एकच, तो सांध्यात इष्ट व जठरात अनिष्ट.

तथापि १९९१ च्या सुमारास एक फट सापडली. प्रोस्टाग्लँडिन घडविणारे सायक्लो-ऑक्सिजनेज हे एंझाइम दोन प्रकारचे आहे असे आढळले. एक नित्य काम करणारे व जठराचे रक्षण करणारे. दुसरे मुख्यतः शोथाच्या वेळी वाढणारे. केवळ दुसऱ्यास अडविणारे औषध मिळाले तर गुण राहील व अपाय जाईल, असा तर्क निघाला. त्यातून सेलेकॉक्सिब १९९८ च्या अखेरीस व रोफेकॉक्सिब १९९९ साली अमेरिकेत मान्य झाले. आठ हजारांहून अधिक रोग्यांवरील प्रयोगाचा वृत्तान्त २००० साली प्रसिद्ध झाला. जठराचे गंभीर उपद्रव नॅप्रॉक्सेनच्या तुलनेत सुमारे निम्मे झाले होते. हृदयविकाराचे झटके मात्र रोफेकॉक्सिबच्या गटात अधिक होते. याचा अर्थ रोफेकॉक्सिब हृदयास बाधते असा न करता नॅप्रॉक्सेन हृदयाचे रक्षण करीत असावे असा केला गेला. आणखी तीन झटके त्या वृत्तान्तात समाविष्टच नव्हते, याबद्दल तो छापणाऱ्या नियतकालिकाने २००५ साली जाहीर चिंता व्यक्त केली. तत्पूर्वी, औषधरहित गोळीशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या प्रयोगात संशयास जागा उरली नाही, आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेतले. जठरापुरते सिद्ध झालेले विशेषण सबंध देहास लावले गेले, हा येथील मूळ दोष होय.

पण याच्या उलट टोकाचा निष्कर्षही टिकला नाही. सेलेकॉक्सिबची आयबुप्रोफेन व नॅप्रॉक्सेन यांच्याशी चोवीस हजारांवर रोग्यांत झालेली तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. मध्यम मात्रेत ते हृदयाच्या बाबतीत त्या दोहोंपेक्षा वाईट ठरले नाही.

६

भारतात या इतिहासाचे पडसाद उशिरा नव्हे, तर जवळजवळ त्याच वेळी उमटले. रोफेकॉक्सिबवर येथे २००४ च्या डिसेंबरात व त्याच कुळातील व्हॅल्डेकॉक्सिबवर २००५ साली बंदी आली. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांस देण्यास २०११ साली मनाई झाली. परंतु सर्वांत विलक्षण धडा माणसांच्या दवाखान्याबाहेर मिळाला. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास दिले जाई. अशा मेलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. तोवर भारतीय उपखंडातील गिधाडांच्या काही जाती नष्टप्राय झाल्या होत्या. जे द्रव्य गाईस सोसले ते गिधाडास विष ठरले. 'निर्धोक' म्हटल्यावर 'कोणास?' हे विचारणे किती आवश्यक आहे, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

मराठी बोलण्यात या जाणिवेसाठी एक साधा वाक्प्रयोग आहे : गोळी 'गरम पडते'. त्यामागील उपपत्ती आधुनिक नाही; पण त्याची वाक्यरचना मार्मिक आहे. कोणाला तरी पडते, असेच म्हणावे लागते. घेणाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. याउलट 'पेनकिलर' हा अलीकडे घरोघरी रुळलेला शब्द घेणाऱ्यास वगळतो व शोथहर नसलेल्या पॅरासिटामॉलपासून डायक्लोफेनॅकपर्यंत सर्वांस एका रांगेत बसवितो. मग दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या प्रत्यक्षात एकाच वर्गाच्या आहेत हे न कळता त्या एकत्र घेतल्या जातात. त्याने आराम फारसा वाढत नाही, अपाय मात्र वाढतो.

७

या इतिहासातून वापराविषयी जो विवेक निष्पन्न झाला आहे तो आता बऱ्याच अंशी स्थिर आहे. गुण येईल एवढी लहानात लहान मात्रा व गरजेइतकाच काळ, हे त्याचे पहिले सूत्र. या वर्गातील एका वेळी एकच औषध, हे दुसरे. पूर्वी जठरव्रण किंवा रक्तस्राव झालेला असेल, वय उतरते असेल, रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर गोळीसोबत जठराचे आम्ल घटविणारे औषध द्यावे लागते. केवळ जेवणानंतर घेतल्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, कारण अपाय बराचसा रक्तामार्गे होतो. मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ही औषधे घेऊ नयेत. रक्तदाबावरील काही औषधे, लघवी वाढविणारी गोळी व शोथहर गोळी ही तीन एकत्र आल्यास मूत्रपिंडावर तिहेरी ताण पडतो. जुलाब-उलट्या होत असताना तो विशेष धोक्याचा. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ही औषधे टाळावयाची असतात. हृदयासाठी अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्याने नित्य आयबुप्रोफेन घेतल्यास ॲस्पिरिनचा उपयोग कमी होऊ शकतो. गुडघा किंवा हात एवढ्यापुरते दुखणे असेल तर वरून लावण्याच्या शोथहर मलमाने रक्तात फारच थोडे औषध जाते, म्हणून वृद्धांत त्याचा विचार आधी व्हावा. काळी डांबरासारखी शौचास होणे, पायांवर सूज, लघवी कमी होणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ वैद्याकडे गेले पाहिजे. जठरातील व्रण पोटात न दुखताही एकाएकी रक्तस्राव करू शकतो, म्हणून पोट दुखत नाही ही खात्री पुरेशी नव्हे.

यांतील एकही सूत्र औषधाच्या नावाशी थांबत नाही. प्रत्येकात मात्रा, काळ, सोबतची औषधे व घेणारी व्यक्ती यांचा उल्लेख करावाच लागतो. ॲस्पिरिनचेच पाहावे : कधीकाळी संधिवातासाठी दिवसास तीन-चार ग्रॅम दिले जाणारे द्रव्य आज हृदयरोग्यास पाऊणशे मिलिग्रॅम दिले जाते. नाव एकच, पण मात्रेने त्याचे प्रयोजन बदलते व धोक्याचे प्रमाणही बदलते.

एतावता या इतिहासाचा निष्कर्ष व्याकरणाच्या परिभाषेत मांडता येतो. अडीचशे वर्षे 'निर्धोक' हे पद औषधाचे विशेषण म्हणून योजले गेले आणि पुनःपुन्हा खोटे पडले. ते क्रियाविशेषण आहे. त्याचे स्थान 'औषध' या नामाजवळ नसून 'घेणे' या क्रियापदाजवळ आहे. चिपिंग नॉर्टनच्या उपदेशकाने वीस ग्रेनपासून आरंभ करून परिणामावर नजर ठेवली, तेव्हा त्यास औषधाचे रसायन ठाऊक नव्हते, प्रोस्टाग्लँडिनही ठाऊक नव्हते. परंतु पद कोठे लावावयाचे हे त्याच्या कृतीने अचूक दाखविले होते.